वाडगा कोण भरतं? एका लठ्ठ लॅब्रेडॉरचं प्रकरण

रुग्ण: शेरू (नाव बदललं आहे). लॅब्रेडॉर, नर, वय सहा वर्षं, नसबंदी झालेली. वजन 44.2 किलो. तक्रार: जिना चढताना मागचा डावा पाय उचलून धरतो, फिरायला नेलं की अर्ध्या वाटेत बसकण मारतो. वजनाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. घरच्यांच्या मते तो 'अंगाने भरलेला' होता, एवढंच.

माझं काम पशुआहाराचं. सुरुवात गाई, डुकरं आणि कोंबड्यांच्या खुराकाच्या हिशेबापासून झाली. आता बराचसा वेळ पाळीव प्राण्यांच्या लठ्ठपणात जातो. शेरूचं प्रकरण वैद्यकीयदृष्ट्या दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्या घरात कुत्र्यासोबत एक माणूसही त्याच वळणावर उभा होता. शेरूचे मालक पन्नाशीच्या आतले, पोट सुटलेलं, आणि रक्तातली साखर 'सीमेवर' असल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं. कुत्र्यासाठी केलेल्या उपायांपैकी माणसाला काय लागू पडतं आणि काय मुळीच पडत नाही, हे दोन्ही एकाच घरात बघायला मिळालं.

तपासणी

कुत्र्याचा लठ्ठपणा आधी हाताने तपासायचा, मग काट्यावर. आपला पंजा सपाट ठेवून पाठीमागच्या बाजूने दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. हाडं सहज लागतात, वर पातळ आवरण असतं. योग्य वजनाच्या कुत्र्याच्या बरगड्या अशाच लागायला हव्यात. तळव्याच्या बाजूने बोटं फिरवली तर हाडं शोधायला दाबावं लागतं. शेरूच्या बरगड्या तळव्यापेक्षाही खोल होत्या. वरून पाहिलं तर कंबर नाही, शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी. अंगावरच्या चरबीच्या 1 ते 9 या मापावर 8 गुण. 5 हा आदर्श, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने 10 टक्के जास्त वजन. या हिशेबाने शेरूचं योग्य वजन 34 किलोच्या आसपास येत होतं. म्हणजे तो दहा किलो जादा अंगावर वागवत होता.

थायरॉईडची तपासणी केली, ती सामान्य आली. घरच्यांचा थोडा हिरमोड झाला. ते साहजिक आहे. ग्रंथीत दोष निघाला की गोळी मिळते आणि घरातल्या कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. एक्स-रेमध्ये डाव्या गुडघ्याच्या सांध्यात झिजेची सुरुवात दिसत होती.

जुन्या कागदांवर वजनांची नोंद होती: दुसऱ्या वर्षी 33.5, मग 36, मग 38.8, आणि आता 44.2. चार वर्षांत जवळजवळ पावणेअकरा किलो. साध्या अंकगणिताने ही दिवसाला सरासरी पन्नास-साठ कॅलरींची वाढ, म्हणजे जेमतेम दीड बिस्किट. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, कारण शरीर वाढलं की त्याची गरजही वाढते. पण घसरण किती संथ होती ते यातून कळतं. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गोठ्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही, ठरावीक काळाने वजन करतो किंवा गुण देतो. दुभत्या गाईंचे गुण तर वर्षभर टिपले जातात, कारण विण्याच्या वेळी जादा चरबी असलेली गाय व्यायल्यावर चारा कमी खाते, तिच्या यकृतात चरबी साठते आणि पुढे सगळंच बिघडतं. माणूस मात्र वर्षानुवर्षं काट्यावर उभा राहत नाही आणि पँट घट्ट झाली की धुण्याला दोष देतो.

इतिहास

"डॉक्टर, तो तसा काहीच खात नाही हो," हे पहिलं वाक्य. ते खोटं नव्हतं. घरात आजोबा, मालक, त्यांची पत्नी आणि दोन मुलं. प्रत्येकाला स्वतः दिलेलं तेवढंच माहीत होतं.

तोंडी इतिहासावर मी फार वेळ घालवत नाही. गाईने काय खाल्लं हे आम्ही गाईला विचारत नाही. गव्हाणीत किती टाकलं आणि किती उरलं ते तोलतो. माणसांच्या बाबतीत आहारशास्त्राची मोठी अडचण हीच आहे. 1992 साली एका अमेरिकी अभ्यासात 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या लोकांचं सेवन शरीरात माग काढता येणाऱ्या, पण किरणोत्सारी नसलेल्या अणूंचं (समस्थानिकांचं) पाणी पाजून पडताळलं, तेव्हा ते स्वतःचं खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि हालचाल 51 टक्के जास्त. ही माणसं लबाड नव्हती. खाल्लेलं आठवणं हे काम मेंदू मुळातच वाईट करतो.

तर शेरूच्या घरच्यांना दोन कामं दिली. एक, आठवडाभर प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, एकमेकांचं न बघता. दोन, कोरडं खाद्य ज्या मगाने घालता तो मग घेऊन या.

मग आला तो चहाचा जुना मग. खाद्याच्या पिशवीवर त्या आकाराच्या कुत्र्याला दिवसाला 280 ग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे दोन वेळा 140. मी तिघांना आळीपाळीने 'रोज भरता तसा' मग भरायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी दाणे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओतले. पत्नीने भरला तेव्हा 148 ग्रॅम, मालकांनी भरला तेव्हा 171, आणि आजोबांनी वर शीग लावून भरला तेव्हा 189. आजोबांना आकडा दाखवला तर म्हणाले, "मग काय, उपाशी ठेवायचं का त्याला?" सरासरी धरली तरी दिवसाला 340 ग्रॅम जात होते. त्या खाद्यात ग्रॅमला 3.7 कॅलरी, म्हणजे जवळजवळ 1260.

कागदांची बेरीज जास्त बोलकी होती. आजोबा सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर दोन-दोन बिस्किटं देत. मुलं ब्रेडच्या कडा टेबलाखाली सरकवत. रात्री फिरून आल्यावर मालकांकडून 'शहाणा मुलगा' म्हणून चघळायची एक काडी. आणि पत्नी सांध्याची गोळी चीजच्या तुकड्यात लपवून देत, म्हणजे वजनाने दुखावलेल्या सांध्याचं औषध वजन वाढवणाऱ्या वेष्टनातून जात होतं. प्रत्येकाच्या कागदावर 'फक्त एवढंच'. एकूण 500 कॅलरी. दिवसाच्या 1760 मधला हा वाटा 28 टक्के. वरखाऊ दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा आमच्याकडे दंडक आहे.

त्यात नसबंदीची भर. नसबंदीनंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज अनेकदा 20 ते 30 टक्क्यांनी खाली येते आणि भूक वाढते. शस्त्रक्रियेच्या दिवशी टाक्यांची काळजी सांगितली जाते. वाडगा त्याच दिवसापासून लहान करा, हे बऱ्याचदा राहून जातं. शेरूच्या वाढीचा आलेख नेमका तिथून वर वळला होता.

दोष जनुकांचा म्हणावा का?

मालकांनी हा प्रश्न विचारला, आणि तो स्वतःसाठीही होता.

लॅब्रेडॉर खादाड असतात ही निव्वळ अफवा नाही. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये 'पीओएमसी' नावाच्या जनुकाचा 14 अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. या जनुकातून पोट भरल्याचे निरोप मेंदूत पोचवणारी रसायनं बनतात. गळालेल्या प्रत्येक प्रतीमागे कुत्रा सरासरी दोनेक किलो जड भरतो. 2024 मध्ये त्याच गटाने पुढचा भाग मांडला: असे कुत्रे पोटभर खायला दिलं तर इतरांपेक्षा जास्त खात नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये त्यांना जास्त भूक लागते, आणि विश्रांतीत ते सुमारे 25 टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी. माणसातही याच जनुकात बिघाड असलेली मुलं असतात. त्यांचा लठ्ठपणा लहानपणीच तीव्र असतो आणि त्यांच्यासाठी 2020 पासून अमेरिकेत खास औषध मंजूर आहे.

शेरूची ही चाचणी मी केली नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी वाडगा तोच राहणार होता. 2025 मध्ये याच गटाने लॅब्रेडॉरमधली लठ्ठपणाची आणखी जनुकं शोधली, तेव्हा निष्कर्षाचा एक भाग असा होता: जनुकीय धोका जास्त असलेला कुत्राही सडपातळ ठेवता येतो, पण त्याच्या मालकाला इतरांपेक्षा बरंच जास्त काटेकोर राहावं लागतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एकाच्या घरी सहज जमणारी गोष्ट दुसऱ्याच्या घरी कष्टाची असते, आणि बाहेरून दोघांचा कुत्रा सारखाच दिसतो. बारीक माणसं जाड माणसांना सल्ले देतात तेव्हा हेच विसरतात.

जनुकांबद्दल कुक्कुटपालनातला एक प्रयोग सांगतो. कॅनडातल्या संशोधकांनी 1957 सालचा कोंबडीचा वाण जतन करून ठेवला होता. तो आणि 2005 चा व्यावसायिक वाण यांना शेजारी शेजारी एकच खाद्य दिलं. 56 दिवसांनी जुना पक्षी 905 ग्रॅम, नवा 4202. खाद्य तेच, बदलला तो पक्षी. या नव्या वाणाचे आईबाप तर हवं तेवढं खाऊ दिलं तर लंगडे होतात, अंडी कमी देतात, लवकर मरतात. म्हणून त्यांना आयुष्यभर तोलूनच खायला घालतात. माणसाचं बरोबर उलटं झालं आहे. 1990 नंतर जगात लठ्ठ प्रौढांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं, 2022 मध्ये त्यांची संख्या 89 कोटींवर होती; एवढ्या काळात माणसाची जनुकं बदलत नाहीत. इथे पक्षी तोच आहे, बदललं ते खाद्य.

आम्ही प्राणी जाड कसे करतो

आमच्या धंद्याची एक बाजू अशी की आम्हाला जनावर मुद्दाम जाड करता येतं, आणि त्याची कृती पाठ आहे. मांसासाठीच्या जनावरांच्या शेवटच्या टप्प्यातलं रेशन असं असतं: चारा कमी, धान्य जास्त, म्हणजे तंतू खाली आणि ऊर्जा वर. दाणा दळायचा, कारण दळलेला लवकर पचतो. दळून त्याच्या गोळ्या पाडायच्या, कारण गोळ्या चावायला वेळ लागत नाही आणि त्याच वेळात जास्त पोटात जातं. चव येईल असं काहीतरी मिसळायचं. गव्हाण कधी रिकामी पडू द्यायची नाही. फिरायला जागा कमी ठेवायची. मांसाच्या कोंबड्यांना उजेडाचे तास वाढवून द्यायचे, म्हणजे त्या खात राहतात.

आता यात जनावराऐवजी कचेरीत बसणारा माणूस घाला आणि पुन्हा वाचा. एकही ओळ बदलावी लागत नाही.

ही निव्वळ तुलना राहू नये म्हणून 2019 चा एक प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या गटाने 20 माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साध्या पदार्थांपासून केलेलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू आणि मीठ दोन्हीकडे सारखं. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलोने वाढली. खाण्याचा वेगही जास्त होता. माणसांनी एक प्रकारे गोळी पाडलेल्या खाद्याचाच प्रयोग स्वतःवर करून पाहिला. त्यातल्या कुणाची इच्छाशक्ती दर पंधरवड्याला बदलत नव्हती.

आणि उलटी बाजू. गाभण डुकरिणींना तोलून खायला घालावं लागतं, नाहीतर त्या लठ्ठ होतात. पण थोडकं आणि ऊर्जेने दाट खाद्य दिलं तर त्या दिवसभर पिंजऱ्याच्या गजांना चावत राहतात. कॅलरी पुरेशा असल्या तरी भूक तशीच असते. त्याच कॅलरी भरपूर तंतुमय चोथ्यासकट दिल्या तर गज चावणं कमी होतं. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात तर लिहिलंच आहे की गाभण डुकरिणींना भूक भागण्यासाठी आणि चघळण्यासाठी पुरेसं तंतुमय खाद्य द्यायला हवं. डुकरिणीच्या भुकेला कायद्यात जागा आहे. माणसाच्या आहारतक्त्यात बहुतेक वेळा तिला 'संयम ठेवा' एवढीच मिळते.

योजना

शेरूच्या 34 किलो या योग्य वजनावरून विश्रांतीची ऊर्जा काढली: वजनाचा 0.75 घात गुणिले 70, म्हणजे साधारण 985 कॅलरी. सुरुवात 980 वर केली. लक्ष्य, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट.

इथे बरेच मालक एक चूक करतात, आणि माणसंही. जुनंच खाद्य निम्म्यावर आणतात. पण खाद्यातली प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं ही नेहमीच्या प्रमाणात खाल्लं जाईल असं धरून घातलेली असतात. निम्मं दिलं की कॅलरींबरोबर तीही निम्मी होतात. मग चरबीसोबत स्नायूही जातो. म्हणून वजन उतरवण्याचं खाद्य वेगळं असतं: प्रथिनं जास्त, तंतू जास्त, ग्रॅमला तीनच कॅलरी. शेरूला त्याचे 295 ग्रॅम आले. आधीच्या 340 च्या तुलनेत वाडगा फार रिकामा दिसत नव्हता, आणि आजोबांच्या समाधानासाठी ते आवश्यक होतं.

प्रथिनांच्या बाबतीत प्राण्यांकडून आलेली एक कल्पना इथे सांगायला हवी. स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड रॉबेनहायमर यांनी टोळांवर काम करताना पाहिलं की टोळ प्रथिनांचा ठरावीक कोटा पुरा होईपर्यंत खातच राहतो; खाद्यात प्रथिनं विरळ असली तर तो कोटा भरेपर्यंत बाकीचं फुकटचं पोटात जातं. 2005 मध्ये त्यांनी हेच माणसाच्या लठ्ठपणाला लावून पाहिलं. सगळा लठ्ठपणा यातून उलगडत नाही, पण पिष्ट आणि चरबीने प्रथिनं पातळ केलेला खाऊ का थांबवता येत नाही, त्याचं हे निदान एक पटणारं उत्तर आहे.

वरखाऊ बंद केला नाही. बंद केला असता तर तो लपून सुरू राहिला असता. सकाळी एका छोट्या डब्यात 95 कॅलरींचा दिवसाचा खाऊ काढायचा, त्यात गोळी लपवायचा तुकडाही आला. कुणीही, कधीही, त्या डब्यातून द्यावं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. चहाचा तो जुना मग फेकून दिला, काटा ओट्यावर ठेवला. वाडग्याऐवजी खाद्य खाचाखोचांच्या पसरट ताटलीत, कारण शेरू मिनिटभरात वाडगा साफ करून पुन्हा पायाशी येऊन बसायचा. ताटलीत त्याला दहाएक मिनिटं लागू लागली.

व्यायामाचा आग्रह सुरुवातीला धरला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर 44 किलो घेऊन चालवणं बरं नव्हे, आणि तीन किलोमीटर चालून ढोबळ हिशेबाने सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात. आजोबांची चार बिस्किटं त्याहून जास्त होती.

पुढे काय झालं

पहिल्या आठ आठवड्यांत 44.2 वरून 41.2. घरच्यांना तीन किलो कमी वाटले, मला भरपूर वाटले, कारण शेरू जिना चारही पायांवर चढू लागला होता. लंगडणाऱ्या लठ्ठ कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात सहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरताच चालण्यात मोजता येणारी सुधारणा दिसली होती; शेरू तेव्हा त्या टप्प्याच्या थोडा पुढे होता. माणसात हेच आकडे जवळपास भेटतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध प्रयोगात साखर सीमेवर असलेली 3234 माणसं होती. सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल, एवढं लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्यांत ते 31 टक्क्यांनी. हा आकडा मालकांना सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा स्वतःच्या वजनाबद्दल उघड बोलले.

मग मुलांना सुट्टी लागली, घरी पाहुणे आले, आणि महिनाभरात काटा 41.4 वर. रागावून उपयोग नसतो. पाहुण्यांना डब्याचा नियम माहीतच नव्हता, हे उघड होतं. धाकट्या मुलाने डब्यावर मोठ्या अक्षरात 'शेरूचा आजचा खाऊ. संपला म्हणजे संपला.' असा कागद चिकटवला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. खुराक 920 वर आणला. दहाव्या महिन्यात 35.9 किलो, गुण 9 पैकी 6. 34 गाठायचा हट्ट मी सोडून दिला.

टिकवणं हा वेगळा विषय आहे. वजन उतरलेल्या कुत्र्याची गरज, कधीच जाड नसलेल्या तेवढ्याच कुत्र्यापेक्षा कमी राहते. वजन उतरवलेल्या 33 कुत्र्यांचा पाठपुरावा करणाऱ्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांचं वजन पुन्हा चढलं. ज्यांचं वजन उतरवण्याचं खाद्यच पुढे चालू ठेवलं त्यांचं उतरलेलं वजन जास्त टिकलं. म्हणून शेरूचं खाद्य बदललं नाही, फक्त थोडं वाढवलं.

कुठे साम्य संपतं

मालकांनी विचारलं, "मला असा डबा कोण भरून देणार?" विनोद म्हणून विचारलं, पण मुद्दा तोच आहे. शेरूला फ्रिज उघडता येत नाही. त्याची भूक शमली नसली तरी निर्णय दुसऱ्याचा असतो. मोठ्या माणसावर अशी सत्ता कुणी गाजवू नये, आणि गाजवली तर ती टिकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर वाडग्याचा नियम जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे: डोळ्यांसमोर ठेवून 'हे खायचं नाही' असा पहारा ठेवलेल्या पदार्थाची मुलांना ओढ उलट वाढते, हे प्रयोगांत दिसलं आहे. तो पदार्थ घरात रोज नसणं वेगळं आणि घरात असून त्यावर पहारा असणं वेगळं.

सगळंच गव्हाणीवर ढकलणंही चूक ठरेल. 2010 मध्ये एका गटाने माणसांच्या आसपास राहणाऱ्या आठ प्रजातींच्या वीस हजारांहून जास्त प्राण्यांच्या वजनांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पाळीव कुत्री-मांजरं, रस्त्यावरचे उंदीर, आणि वर्षानुवर्षं ठरावीक खाद्यावर ठेवलेली प्रयोगशाळेतली माकडंसुद्धा, सगळ्यांची सरासरी वजनं दशकांगणिक वाढत होती. कारण पक्कं कळलेलं नाही. मी हा अभ्यास जवळ ठेवतो, कारण 'कमी खा, जास्त हाला' एवढ्यावर समाधान मानायला तो अडवतो.

आणि एक गमतीचा पण गंभीर आकडा. 2020 मध्ये स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं की ज्यांच्या कुत्र्याला मधुमेह आहे त्या मालकांना टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त असतो. मांजरांच्या मालकांत असा संबंध सापडला नाही. कुत्रा आपल्या वेळा, आपले रस्ते आणि आपला खाऊ वाटून घेतो; मांजर आपलं आपण बघतं.

शेरूच्या घरात बदल झाला तो असाच आडून. आजोबांनी बिस्किटांचा डबा बाहेरच्या खोलीतून काढला, कारण "मी खातो आणि तो बघत बसतो, बरं दिसत नाही." डबा हलल्यावर मालकांच्या हातालाही तो लागेना. रात्रीचं फिरणं शेरूचा पाय सुधारल्यावर आपोआप लांबलं. मालकांचे साखरेचे आकडे मी विचारले नाहीत. ते त्यांच्या डॉक्टरांचं काम.

दुसरं पिल्लू

याच घरात आता दुसरं लॅब्रेडॉर पिल्लू आलं आहे, आणि प्रतिबंध म्हणतात तो इथे करता येतो. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य. कमी खाणाऱ्यांचं आयुष्य मध्यकाने (निम्मे त्याच्या आत, निम्मे त्यानंतर मेले) 13 वर्षं, दुसऱ्यांचं 11.2. लक्षात घ्यायचं ते असं की जास्त खाणारे कुत्रे काही अवाढव्य नव्हते. त्यांचे गुण सरासरी 6.7 होते, रस्त्यावर दिसला तर कुणीही 'छान गुबगुबीत' म्हणेल असे.

पिल्लाची योजना मी एका पानात लिहून दिली. खाद्य पहिल्या दिवसापासून काट्यावर. महिन्यातून एकदा वजन आणि बरगड्यांवर हात, दोन्ही एकाच वहीत. नसबंदी झाली की त्याच आठवड्यात खुराक एक चतुर्थांशाने खाली, आणि पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी वजन. खाऊचा डबा एकच, दोघांचा वाटा वेगळा मोजून. वही धाकट्याकडे आहे. मागच्या वेळी त्याने पिल्लाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखलेले दिसले, एक 'बाबा' आणि एक 'आजोबा'. बाबांच्या रकान्यात आकडे आहेत. आजोबांचा अजून कोरा आहे. ते म्हणतात, काटा कुत्र्यांसाठी आणला होता.